ग्वाल्हेरची खंडेनवमी आणि सहाबारीवरील कडे

आश्विन शुद्ध नवमी हा शस्त्रपूजनाचा दिवस. कोंकणात व गोमंतकात या दिवशी पाटावर मांडली जातात ती बहुधा घरातली आयुधे: कोयता, विळी, पहार, कुदळ, सुताराचा रंधा, आणि अलीकडे दाराशी उभ्या असलेल्या मोटारीलाही झेंडूची माळ मिळते. खरी तरवार पाहावयाची तर देवळात जावे लागते. परंतु आपल्यातील जी घराणी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी घाट चढून, नर्मदा ओलांडून उत्तरेत गेली, त्यांच्या वंशजांकडे खंडेनवमीचा पाट अजूनही निराळा दिसतो. अशाच एका पाटावरील वस्तूसंबंधी, किंबहुना त्या वस्तूवर उमटलेल्या एका बारीक रेघेसंबंधी, आज लिहावयाचे आमच्या मनात आहे.

ग्वाल्हेर हे नाव आमच्या वाचकांस परके नाही. पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा केरकर हे महादजी शिंद्यांचे बक्षी झाले आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेची धुरा त्यांच्या खांद्यावर होती. लखबादादा लाडांसारखे दुसरे शेणवी सरदारही त्याच दरबारात नावारूपास आले. या मोठ्या माणसांच्या मागे कारकून, फडणीस, शिलेदार, पुजारी असा कितीतरी परिवार उत्तरेत गेला व तिकडचाच झाला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जी छावणी दिली ती पुढे उठलीच नाही. तिचे शहर झाले. पण नाव मात्र ‘लष्कर’ हेच राहिले. त्या लष्करातील जुन्या वाड्यांतून अद्याप मराठी ऐकू येते. दसऱ्याच्या दिवशी गोरखीतील देवघरात शिंदे घराण्याची पूजा होते व सायंकाळी मांढऱ्यांच्या देवीपाशी शमीपूजन होते. घराण्याच्या प्रमुखाने तरवारीने शमीला स्पर्श केला की तिची पाने लुटावयास जमलेली मंडळी पुढे सरसावतात. आपल्याकडील आपट्याच्या सोन्याचीच ही उत्तरेकडील बहीण.

काही वर्षांपूर्वी आम्ही नवरात्रात लष्करात एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. नवमीच्या सकाळी त्यांच्या देवघरासमोर पाटावर दोन तरवारी, एक कट्यार, एक जंबिया आणि मधोमध एक जुने सहाबारी पिस्तूल मांडलेले होते. ते सरकारदरबारी रीतसर नोंदलेले होते आणि घरात दारूचा कण किंवा शिशाची गोळी ठेवीत नसत, हे आधीच सांगितलेले बरे. स्नेह्यांचे वडील बंधू, ज्यांना सारे घर आप्पासाहेब म्हणे, यांनी पिस्तूल उचलून आमच्या हाती दिले व म्हणाले, “कोटाच्या सराईचे आहे. पणजोबांनी मैदानातून आणले.” आम्ही ते उजेडाकडे नेले. मधल्या फिरत्या कोठीवर, म्हणजे ज्याला आता सर्वत्र सिलिंडर म्हणतात त्याच्यावर, सहा खाचांच्या रांगेतून गेलेले एक चकचकीत कडे होते. सभोवारचे पोलाद काळसर आणि कडे मात्र घासलेल्या रुपयासारखे पांढरे. “किती वापर झाला असेल पाहा,” आप्पासाहेब कौतुकाने म्हणाले. आमच्या मनात मात्र शंका आली. आणि त्या शंकेचा मागोवा घेता घेता जे कळले ते या लेखाचे निमित्त.

अशा पिस्तुलाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. एका नळीमागे सहा कप्प्यांची पोलादी कोठी आसाभोवती फिरते. प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढून चढवावा लागतो, चाप केवळ चढलेला घोडा सोडतो. म्हणून याला एकेरी चालीचे पिस्तूल म्हणतात. घोडा चढत असता आत दोन कामे होतात. एक लोखंडी बोट कोठीच्या मागील दंतचक्रास ढकलते व कोठी एका घराने पुढे सरकते. आणि खालून वर येणारी एक खिट्टी कोठीच्या परिघावरील खाचेत बसून तिला नळीच्या बरोबर समोर अडवून धरते. बोट फिरवते, खिट्टी थांबवते. या दोघांचा मेळ बिघडला तर कप्पा व नळी एका रेषेत येत नाहीत, आणि बाराचे शिसे नळीच्या काठावर आदळते. तेव्हा ही खिट्टी म्हणजे लहानसा तुकडा असला तरी बाळगणाराचा जीव तिच्यावर अवलंबून असे.

फिरत्या कोठीची कल्पना अमेरिकेत उपजली असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः हिंदुस्थानातील कारागिरांनी तोड्याच्या बंदुकांना अशा फिरत्या कोठ्या बसविल्या होत्या. त्या हाताने फिरवीत आणि पोलादी पट्टीने अडवून धरीत. सॅम्युएल कोल्ट यांनी १८५१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेपुढे जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी पौर्वात्य देशांतील अशा जुन्या बंदुकांचाही विचार केला आहे. कोल्टची खरी करामत ही की, त्यांनी कोठी फिरविण्याचे व अडविण्याचे काम घोड्याच्या एकाच ओढीस जोडले. त्यांचा अमेरिकेतील हक्क १८३६ चा आहे. १८५१ मध्ये ते लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात आले, १८५३ मध्ये टेम्सकाठी पिमलिको भागात त्यांचा कारखाना सुरू झाला व थोड्याच वर्षांत बंदही झाला. परंतु तेवढ्या अवधीत तेथून ‘नेव्ही’ जातीची, .३६ व्यासाची सुमारे ४२,००० पिस्तुले बाहेर पडली. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज अंमलदारांच्या कमरेला जी पिस्तुले होती, त्यांत ही होतीच. रॉबर्ट ॲडम्सची, नुसत्या चापाने चालणारीही होती.

आता त्या चकचकीत कड्याकडे येऊ.

घोडा एकदम पूर्ण चढत नाही. मध्ये एक विसावा आहे. त्याला अर्धा घोडा म्हणतात. अर्ध्या घोड्यावर खिट्टी खाली दबलेली राहते व कोठी बोटाने मोकळी फिरविता येते. भरण्याची, पुसण्याची, कप्पे तपासण्याची सोय याच अवस्थेत आहे. तेथून घोडा आणखी मागे ओढला की खिट्टी सुटून वर येते आणि कोठीच्या अंगाला टेकते. तिने टेकावे कोठे, यात कारागिराचे कसब आहे. खाचेच्या अलीकडे एक उतरता चर कोरलेला असतो. खिट्टी त्या चरात उतरली तर ती सरकत सरकत खाचेत जाते व मूळ अंगाला धक्का लागत नाही. असे चर ठेवण्याची युक्ती स्वतः कोल्टने १८५० च्या सुमारास आणली. म्हणजे झिजेची ही चिंता बनविणारालाही होती. खिट्टी चरापूर्वीच वर आली तर तेवढ्या टप्प्यात ती कोठीला घासते, आणि शेकडो वेळा घासली की प्रत्येक दोन खाचांमध्ये आखूड ओरखडा उमटतो.

परंतु आप्पासाहेबांच्या पिस्तुलावर आखूड ओरखडे नव्हते. सबंध कडे होते, खाचेपासून खाचेपर्यंत अखंड. त्याचे कारण पिस्तुलाच्या आत नसून माणसाच्या अंगठ्यात असते. अर्ध्या घोड्यावर कोठी फिरवून पाहिली, आणि मग घोडा पूर्ण न चढविता तेथूनच हलकेच खाली सोडला, तर खिट्टी दोन खाचांच्या मध्येच वर येऊन कोठीला टेकून राहते. पुढे कोणी कोठी हाताने फिरविली म्हणजे ती खिट्टी पोलादावर नांगराच्या फाळासारखी ओढली जाते. एका फेरीने निळसर मुलामा उडतो, शंभर फेऱ्यांनी पांढरे कडे होते, आणि आणखी पुढे गेले तर खाचांच्या कडा बोथट होऊन कोठी डगमगू लागते.

म्हणून अनुभवी हाताचा नियम एकच असतो: अर्ध्या घोड्यावरून खाली उतरू नये. आधी शेवटपर्यंत चढवावा, खिट्टी खाचेत बसल्याचा स्पष्ट आवाज ऐकावा, आणि मगच, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, चाप दाबून अंगठ्याने घोडा सावकाश उतरवावा. पूर्ण चढवून उतरविलेल्या पिस्तुलात खिट्टी खाचेतच असते. मग ते वर्षभर पेटीत पडले काय किंवा पूजेत मांडले काय, कोठी जागची हलत नाही व घासतही नाही. १८७३ पासून निघालेल्या काडतुसाच्या कोल्टलाही हाच नियम लागू पडतो. जुने जाणते लोक ते पिस्तूल पाचच काडतुसांनी भरीत व घोडा रिकाम्या घरावर उतरवीत. एक भरावे, एक सोडावे, चार भरावी, घोडा पूर्ण चढवून उतरवावा, अशी त्यांची मोजणी होती. ती मोजणी जीव वाचविण्यासाठी होती. सिलिंडरही तिनेच वाचत असे.

आम्ही हे सांगत असता आप्पासाहेब शांतपणे ऐकत होते. मग ते किंचित हसले. त्यांच्या लहानपणापासून घरात रीत अशी होती की, पूजा झाल्यावर सर्व मुलांनी एकेक करून पिस्तूल हाती घ्यावे व कोठी गरकन् फिरवून तिचा आवाज ऐकावा. त्या आवाजाला मुले ‘देवीची पैंजणे’ म्हणत. चार पिढ्यांच्या मुलांनी दर नवमीस फिरविलेली ती कोठी. मग कडे उमटेल नाही तर काय? लढाईची म्हणून जी खूण घराने जपली, ती लढाईची नव्हतीच. ती खंडेनवमीची होती.

हे ऐकून घरातील तरुण मंडळी खट्टू झाली. आम्हांस मात्र तसे वाटले नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

आता कोटाच्या सराईच्या गोष्टीकडे वळू. १८५८ च्या जून महिन्याच्या १ तारखेस राणी लक्ष्मीबाई, रावसाहेब पेशवे व तात्या टोपे हे मुरारपाशी आले. जयाजीराव शिंदे त्यांच्यावर चालून गेले. परंतु फौजेचा मोठा भाग उलटला आणि महाराजांना आग्र्याची वाट धरावी लागली. ग्वाल्हेर हाती आले ते जेमतेम अठरा दिवस. १७ जून रोजी शहराच्या आग्नेयेस कोटाच्या सराईपाशी इंग्रजांच्या ८ व्या हुसार पलटणीच्या घोडेस्वारांनी हल्ला केला. या एका दिवसाच्या चकमकीसाठी त्या पलटणीतील चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, यावरून तिची निकड ध्यानी येते. राणी या रणातच पडली; काही बखरी व पत्रे १७ तारीख देतात, काही १८. १९ रोजी शहर व २० रोजी किल्ला इंग्रजांकडे गेला. किल्ला पुन्हा शिंद्यांकडे आला तो १८८६ मध्ये.

अशा रणात घोड्यावरून पडलेल्या कोणा अंमलदाराचे पिस्तूल एखाद्या मराठी शिलेदाराच्या हाती लागले असेल, यात अशक्य काहीच नाही. आणि ते घरात टिकले कसे, याचेही उत्तर आहे. १८७८ चा शस्त्रांचा कायदा ब्रिटिश मुलखासाठी होता. संस्थानांत संस्थानिकांचा अंमल. म्हणून जी हत्यारे झांशी-कानपुराकडे गोळा करून वितळविली गेली, तशी ग्वाल्हेरच्या वाड्यांतून नाहीशी झाली नाहीत. पण शक्य असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. ते पिस्तूल मैदानातलेच कशावरून? १८६० किंवा १८७० साली मुंबईच्या एखाद्या पेढीवरूनही ते विकत आले असेल.

येथे खरे दुःख आहे. कोल्टच्या नेव्ही पिस्तुलाच्या कोठीवर एक चित्र उठविलेले असते: जहाजांची समुद्रातील लढाई. १६ मे १८४३ रोजी टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोच्या आरमाराशी कांपेचेपाशी दिलेल्या झुंजीचे ते चित्र असून ती तारीखही त्यात असते. वॉटरमन ऑर्म्सबी नावाच्या कोरक्याने ते मूळ तयार केले व दाबयंत्राने ते प्रत्येक कोठीवर उमटवीत. चित्र इतके उथळ असते की नखाला जाणवत नाही. नळीच्या माथ्यावर पत्ता असतो. लंडनमध्ये झालेल्या मालावर लंडनचा, अमेरिकेतल्या मालावर न्यूयॉर्कचा. इंग्लंडात परीक्षा झालेल्या मालावर तेथील तपासणीचे छोटे शिक्के असतात. भागाभागावर क्रमांक असतात. लंडनचा पत्ता व योग्य क्रमांक असता तर ते पिस्तूल १८५७ पूर्वीच बनले होते, एवढे तरी निश्चयाने म्हणता आले असते. घराण्याच्या कथेला निदान एक पाय मिळाला असता.

आम्ही काच लावून पाहिले. पत्ता नव्हता. क्रमांक तीन जागी पुसट, एका जागी गेलेला. कोठीवर चित्र असावयास हवे तेथे डोळे ताणून एका शिडाचा कोपरा दिसला, तोही मनाने पुरा करावा लागला. आप्पासाहेबांना विचारले तेव्हा कळले की, त्यांच्या वडिलांच्या वेळी एका दसऱ्यापूर्वी पिस्तुलास गंज दिसला म्हणून ते बाजारातील एका शिकलगाराकडे दिले होते. त्याने ते विटेच्या पुडीने व सहाणेने घासून ‘नव्यासारखे’ करून दिले. सारे घर खूश झाले. त्या एका दुपारी ग्वाल्हेरच्या इतिहासाचा एक लहानसा कागद पुसला गेला, आणि तो पुसणारा आपले काम प्रामाणिकपणेच करीत होता. तरवारीला शिकल करणे हे पुण्यकर्म. तरवारीचे पाते घासून उजळावे, त्यात तिचे शील आहे. परंतु ज्या वस्तूचा इतिहास तिच्या कातडीवरच लिहिलेला आहे, तिचे कातडे सोलावयाचे नसते, हे त्याला कोण सांगणार? आम्हांलाही तीस वर्षांपूर्वी ते ठाऊक नव्हते, हे कबूल केलेच पाहिजे.

गंमत अशी की, चकचकीत कडे मात्र शिकलगारानंतरचे होते. घासलेल्या पोलादावर पुन्हा काळसर छटा चढली आणि तिच्यावर नव्या मुलांच्या हातांनी नवे कडे काढले. म्हणजे आज त्या पिस्तुलावर जर एखादी खूण निःसंशय खरी असेल तर ती एवढीच: या घरातील मुले दर नवमीस ते हाती घेत होती. म्हणूनच आम्ही खट्टू झालो नाही असे वर म्हटले.

आता थोडे पूजेविषयी. आमचे वाचक देवस्थानांशी बांधलेले आहेत. कित्येकांच्या गावी देवीची तरवार, एखादी तोफ, क्वचित टोपीची बंदूकही देवळाच्या कोठीत असेल. तेव्हा हे सांगणे पूजेच्या विरुद्ध नाही, पूजेसाठीच आहे. दसऱ्याच्या पूजेत पोलादावर काय काय पडते पाहा. लिंबू कापून त्याचा रस उडतो. तो आम्ल असून एका रात्रीत निळा मुलामा खातो. नारळ फोडल्याचे पाणी क्षारयुक्त. झेंडूच्या माळा दवाने ओल्या, त्यांचा प्रत्येक देठ जेथे टेकतो तेथे दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग. हळद-कुंकू कोरडे असते तोवर निरुपद्रवी, परंतु गंधात कालवून लावले की ओल धरून बसते; खाचेत गेले की वर्षभर निघत नाही. कुंकवाचा तो खर खिट्टीखाली सापडला तर कुरुंदाच्या पुडीचे काम करतो व कडे दुप्पट वेगाने उमटते. उपाय कठीण नाही. हळद-कुंकू पाटाला व मुठीला लावावे, अक्षता पाटावर वाहाव्यात, लिंबू-नारळ बाजूला फोडावा. सायंकाळी स्वच्छ सुती फडक्याने सर्व पुसून घ्यावे. उघड्या हाताच्या घामानेही बोटांचे ठसे गंजतात, म्हणून ठेवताना फडक्यातच धरावे.

तेलाचा प्रकार त्याहून गमतीचा. कोंकणातून गेलेल्या या घराने कोंकणची सवय सोडली नव्हती. पिस्तुलास खोबरेल लावीत. मुरगांवास किंवा मालवणास खोबरेल बहुतेक वर्षभर पातळ राहते. ग्वाल्हेरच्या पौष-माघात मात्र पहाटे पाणी गोठावयाची वेळ येते, आणि खोबरेल तर त्याहून फार आधी, चोवीस-पंचवीस अंशांखालीच थिजू लागते. थिजलेल्या तेलात बारीक कमान काम करीत नाही. खिट्टी वेळेवर खालीही जात नाही व वेळेवर वरही येत नाही. ती जड होऊन कोठीला घासत राहते. शिवाय हवा लागून जुने तेल चिकट होते, त्यात धूळ बसते. शेंगदाण्याचे, तिळाचे, जवसाचे तेल याहून वाईट; जवस तर वाळून रंगासारखा थर धरतो. पातळ खनिज तेलाचा एक थेंब आसाला, एक थेंब खिट्टीच्या खाचेत, एवढे पुरे. अंगावर मेणाचा पातळ हात. पदार्थसंग्रहालयांतून हल्ली पेट्रोलियमपासून काढलेले सूक्ष्म स्फटिकांचे मेण वापरतात, ते याचसाठी.

ज्या पिस्तुलांतून अजून कोठे नेमबाजीसाठी परवान्याने काळ्या दारूचे बार काढतात, त्यांना आणखी एक पथ्य. सोरा, कोळसा व गंधक यांच्या त्या दारूची राख हवेतील ओल शोषते. म्हणून बारानंतर त्याच दिवशी कोठी काढून कढत पाण्याने धुवावी, कडक वाळवावी व मगच तेल द्यावे. खिट्टीचे टोक कोठीच्या गोलाईशी जुळेल असे गुळगुळीत असावे, त्याची कमान नको इतकी कडक नसावी. पण ते कानसीचे काम जाणत्या बंदूकसाजाचे आहे, घरातील हुशार मुलाचे नव्हे. तळहाताने घोडा झटक्याने मागे मारीत कोठी गरागरा फिरविण्याचा जो प्रकार चित्रपटांनी लोकप्रिय केला, त्याने खाचांच्या भिंती ठेचल्या जातात. चित्रपटवाल्यांना दुसरे पिस्तूल मिळते.

शस्त्र देवळाच्या कोठीत नांदावे कसे, याचा उत्तम दाखला ग्वाल्हेरातच आहे. गंगादासांची बडी शाळा म्हणून जे वैरागी साधूंचे स्थान आहे, तेथील महंत गंगादास यांनी जखमी राणीस आश्रय दिला. तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून साधूंनी शस्त्रे उचलली आणि त्यांतील ७४५ साधू कामास आले, असे ती शाळा परंपरेने सांगते. फुलबागेजवळच राणीची समाधी आहे. शाळेत त्या साधूंची म्हणून जी तरवारी, भाले व इतर हत्यारे जपली आहेत, ती दसऱ्यास बाहेर येतात व त्यांची पूजा होते. तेथे आम्ही गेलो तेव्हा आमच्या मनात एकच विचार आला. पात्यांवर ठिकठिकाणी दाते पडलेले आहेत. कोणी ते घासून सारखे केलेले नाहीत. बैराग्यांना पुराणवस्तुशास्त्र कोणी शिकविले नव्हते. पण दाता पडलेली तरवार दाता पडलेलीच पुजावी, हे त्यांना उमगले होते. संस्थानाने १९१३ मध्ये पुराणवस्तुखाते काढून त्यावर मो. ब. गर्दे यांना नेमले व पुढे गुजरी महालात संग्रहालय उभे राहिले. खुद्द जयविलास राजवाड्याचा, जो १८७४ मध्ये पुरा झाला, मोठा भाग १९६४ पासून संग्रहालय आहे. परंतु घराघरांतील पाटांवर जे आहे त्याची मोजदाद कोणत्याच खात्याकडे होणे कठीण.

त्यात आता एक नवी घाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली हत्यारेही त्या दोहोंतच मोजली जातात. पुष्कळ घरांतून जुनी हत्यारे जमा होत आहेत किंवा विकली जात आहेत. विकताना भाव यावा म्हणून आधी ती घासून चमकविली जातात. देणाराने द्यावे, कायदा पाळावा, त्यात दुमत नाही. पण देण्यापूर्वी निदान छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक क्रमांक, प्रत्येक शिक्का, प्रत्येक ओरखडा वहीत उतरवावा. आणि घासू नये.

आप्पासाहेब आता नाहीत. गेल्या दसऱ्यास त्यांच्या नातवाचे पत्र आले. पिस्तूल अजून घरात आहे. पूजेच्या वेळी मुले ते हातात घेतातच, परंतु आता आजोबांच्या खुर्चीत बसलेली त्यांची धाकटी सून आधी कप्पे रिकामे असल्याचे सर्वांस दाखविते, मग घोडा पूर्ण चढवून उतरविते, आणि मगच पिस्तूल पहिल्या मुलाच्या ओंजळीत ठेवते. कोठी फिरवावयाची नाही. पैंजणे मात्र वाजली पाहिजेत असा मुलांचा हट्ट होता. म्हणून घोडा चढविताना खिट्टी खाचेत बसल्याचा जो एक ‘टक्’ आवाज येतो, तो प्रत्येक मुलाने कान लावून ऐकावा असे ठरले आहे. सहा मुले, सहा खाचा. हिशेब बरोबर जमतो असे नातवाने लिहिले आहे.